लाटसाबांचा कूलर

चंद्रपुरात मे महिन्यात भरदुपारी दाराच्या कडीला हात लावायचा नसतो, हे रांगत्या पोरालाही कळतं. आमचे घरमालक रोज मुद्दाम लावायचे. दोन बोटांनी कडी धरायची, डोळे मिटायचे आणि गल्लीत जो कोणी सापडेल त्याला सांगायचं, "आज सेहेचाळीस." दुसऱ्या दिवशी पेपरात चव्वेचाळीस छापून आलं की म्हणायचे, "पेपरवाल्याचा थर्मामीटर सावलीत बसून राह्यते. आपली कडी उन्हात हाय." बोटं त्यांची, कडी त्यांची.

मी त्यांना चाचा म्हणायची. सगळी गल्लीच म्हणायची. दोन हजारचं साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. मी आरमोरीची, धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि तळी पाहत वाढलेली. चंद्रपूरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि परकोटाच्या आत, जुन्या वस्तीत, चाचांच्या घरची वरची खोली भाड्यानं मिळाली. खाली समोरच्या अंगणात त्यांचं दुकान, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्याच्या मागे न्हाणी आणि एक पेरूचं झाड. पोरींची लग्नं झालेली. घरात चाचा आणि चाची, दोघंच. आपसात त्यांची हिंदी-मराठीची खिचडी चालायची, माझ्याशी मात्र सरळ आपल्याकडची मराठी.

चाचांचा धंदा कूलर बनवायचा. आमच्या भागात फेब्रुवारी संपता संपता घराघरांतून माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, आणि ज्यांचे सडले ते नवीन करायला निघतात. त्या दिवसांत मला घड्याळाचा गजर लावावा लागत नसे. पहाटे नमाज झाली की चाचा पत्रा ठोकायला बसत. पत्र्याचा डबा, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाणी, आणि ते पाणी ताट्यांवर चढवणारा छोटा पंप. एवढंच यंत्र, पण चाचा त्याची परीक्षा घ्यायचे ती मॅट्रिकच्या वरची. तयार कूलर सुरू करून ते आपलं पूर्ण टक्कल त्याच्यासमोर धरायचे. मग एकतर "पास" म्हणायचे, नाहीतर "फेल." फेल झालेला कूलर घ्यायला गिऱ्हाईक हटून बसलं तरी द्यायचे नाहीत.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात कूलर नव्हता.

विचारलं की म्हणायचे, "हलवाई आपली मिठाई खाते का?" मग खरं भाषण सुरू व्हायचं. कूलरनं माणूस नाजूक होतो. हाडं नरम होतात. एकदा खोलीचा झाला की माणूस गल्लीचा राहत नाही. हे सगळं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. "घेऊन जा, पण सांगून ठेवतो, आदत लागन." लोक हसायचे आणि एकाच्या जागी दोन घेऊन जायचे. स्वतः चाचा खिशात कांदा ठेवून उन्हात हिंडायचे आणि झोपायला गच्चीवर जायचे. आता गच्ची पुरुषमाणसाला ठीक आहे. चाचींचं काय, हे विचारायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं.

माझ्या मनात आलं ते एका दुपारी. शाळा सकाळची होती, मी घरी आले तर चाची न्हाणीत बसलेल्या. मला वाटलं कपडे धूत असतील. पण कपडे नव्हतेच. ओल्या फरशीवर बसून, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून त्या लसूण सोलत होत्या. स्वयंपाकघरावर पत्रा होता, आत उभं राहवत नव्हतं. मानेवर घामोळ्या इतक्या की दुपट्टा टोचत होता. मी म्हटलं, "चाची, घरात कूलरचं दुकान आणि तुम्ही न्हाणीत?"

"लग्न होऊन आली ना मॅडम, तवा पहिल्याच गर्मीत मी म्हटलं, एक कूलर आपल्यालेबी लावा. तर तुमच्या चाचानं मले भाषण देल्लं. हड्ड्या नरम होतात, त्यायची अम्मी चुलीसमोर बसून म्हातारी झाली, काय काय. मी म्हटलं ठीक हाय. या तोंडानं आता पुन्हा मागणार नाई."

"मग?"

"मग काय. नाई मागितला."

हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा दिमाखच होता. पुढची गोष्ट तर आणखी कठीण. मी यायच्या आदल्या उन्हाळ्यात त्या चुलीसमोर भोवळ येऊन पडल्या होत्या. डॉक्टरांनी बी.पी. सांगितला, दुपारी थंड जागेत ठेवा म्हणाले, नाहीतर पुढच्या वेळी नुसत्या भोवळीवर निभावणार नाही. त्या संध्याकाळी चाचा एक पास झालेला कूलर हातगाडीवर घालून मागच्या दारापर्यंत घेऊन आले. म्हणाले, "लावू का?" चाचींनी खाटेवरून विचारलं, "मी मागितला का?" "नाई." "मग राहू द्या." चाचांनी हातगाडी वळवली. मला दोघांनाही एकेक ठोसा द्यावासा वाटला. हट्टाला काही मोल असतं तर ते घर नागपुरात बंगला बांधून राहिलं असतं.

अशा घरात ते जनावर आलं.

त्या उन्हाळ्यानंतरची थंडी संपत आली होती. चाचा एका कॉलनीत कूलरचं माप घ्यायला गेले होते. तिथल्या साहेबांची बदली झालेली, सामान बांधणं चाललेलं, आणि कोपऱ्यात काचेची टाकी. टाकीत वीतभर लांबीचं गुलाबी-पांढरं काहीतरी. चार पाय, माशासारखं शेपूट, मानेशी दोन्ही बाजूंना लाल झालरी, पापण्या नसलेले डोळे आणि तोंड असं की कायम हसतंय. साहेब म्हणाले, हे प्रवासात मरेल, ठेवता का? खायला गांडूळ, राहायला थंड पाणी, एवढंच लागतं. पाणी तापलं की याचा जीव गेलाच समजा. चाचांनी त्यातलं एकच ऐकलं, थंड. "थंडीचा तर आपलाच धंदा हाय," असं म्हणून ते टाकी ऑटोत मांडीवर घेऊन घरी आले.

चाची दारातच उभ्या. "हे काय उचलून आणलं? पाल हाय का मासा?"

"मेक्सिकोचं हाय. ॲक्सोलॉटल."

ते नाव संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. गल्लीतली पोट्टी बघून गेली, पानठेलेवाला बघून गेला, आणि ज्या जनावराला आपलं गरम पाणी चालत नाही, ज्याच्यासाठी दोन माणसं धावपळ करतात, ते लाटसाबच असणार, असं चाचींनी जाहीर केलं. त्यात टोमणा होता. चाचांनी तो मानानं घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून "लाटसाब उठले का?" असं विचारायला लागले.

जनावर पाळायचा अनुभव चाचांना बकऱ्यांपलीकडे नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी टाकी सरळ नळाखाली धरली. नळाच्या पाण्याला त्या दिवशी औषधाचा भपकन वास येत होता. लाटसाब टाकीभर आपटत सुटले. तेव्हापासून पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग टाकायचं ठरलं. मग टाकी सुंदर दिसावी म्हणून नदीचे गोटे आणून टाकले, तर लाटसाबांनी त्यातला एक बारका गिळला. तो बाहेर पडेपर्यंत चाचा टाकीसमोर असे बसून होते, जणू आत पोरीचं बाळंतपण चाललंय. गोटे गेले. खिमा देऊन पाहिला, तर सकाळी पाण्याला असा वास की शेजारी विचारायला आले. शेवटी साहेबांनी सांगितलेल्या गांडुळावरच गाडी आली. रोज संध्याकाळी चाचा खुरपं घेऊन न्हाणीच्या मोरीशी बसायचे, डब्याच्या झाकणात दोन-तीन गांडुळं घेऊन यायचे, आणि लाटसाब ते झाकण पाहताच काचेपाशी यायचे. चाचांना ओळखायचे, यात काही शंका नाही. निदान झाकणाला तरी ओळखायचे.

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं तशी चाचांनी आपली कारागिरी काढली. म्हणाले, "काचेत काय मजा हाय? काच तापते. कूलरच्या खालच्या टाकीतलं पाणी पाह्यलं का तुम्ही कधी हात घालून? अख्ख्या घरात तेवढं थंड पाणी नसते." आणि खोटं नव्हतं ते. मग त्यांनी नवाकोरा जस्ताचा पत्रा काढला, कडा वळवल्या, झाळण घातलं, आणि लाटसाबांसाठी कूलरच्या टाकीसारखी ऐसपैस टाकी बनवली. पाणी भरलं, हात घातला, "पास" म्हणाले. लाटसाब नव्या महालात गेले.

चार-पाच दिवसांत त्यांनी खाणं सोडलं. झालरी पुढे वळल्या, शेपटाचं टोक गळासारखं वाकडं झालं, अंगावर बुळबुळीत थर आला. चाचांचं निदान ठरलेलं होतं, ऊन लागलं. ते कांदा किसायलाच निघाले होते. चाचींनी हात धरला.

"या पत्र्यात मी दही लावते का कधी?"

"दह्याचं काय इथी?"

"चिंचेचं सार ठेवते का? नाई ठेवत. काऊन? चव फिरते. पत्रा पाण्यात उतरते. तुम्ही त्याले त्याच पाण्यात बुडवून ठेवलं." एवढं बोलून त्यांनी प्यायच्या पाण्याचा रुंद तोंडाचा माठ रिकामा केला, कालचं पाणी भरलं आणि ओंजळीत धरून लाटसाबांना त्यात सोडलं. आठवडाभर घरातली माणसं शेजारून पाणी आणून प्यायली. आठवड्यानं लाटसाबांनी एक गांडूळ खाल्लं.

ज्या दिवशी पत्र्याची गोष्ट कळली त्या दिवशी चाचांनी हातोडी उचलली नाही. अंगणात बसून राहिले. मी शाळेतून आले तर म्हणाले, "मॅडम, सारी जिंदगी या पत्र्याचं खाल्लं. आणि त्या गरिबाले मी त्याच्यानंच मारून राह्यलो होतो." मी म्हटलं, वाचला ना तो. म्हणाले, "चाचीनं वाचवला." त्या घरात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

लाटसाब परत काचेच्या टाकीत आले, पण आता एप्रिल लागला होता. दुपारी टाकीवर ओला पंचा टाकायचा, बाटल्यांत पाणी गोठवून त्या टाकीत सोडायच्या, हे सगळं करूनही पाणी कोमट व्हायचं. फ्रीज लहान, आणि लोडशेडिंग. जिथल्या वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या धुरात वीज तयार होते त्या गावात वीज जाते, याचं मला नवल वाटायचं, चंद्रपूरवाल्यांना वाटायचं नाही. एका दुपारी कडी धरून "पंचेचाळीस" म्हणून चाचा आत आले, टाकीत बोट घातलं आणि तडक दुकानात गेले. संध्याकाळपर्यंत मधल्या खोलीच्या खिडकीला कूलर बसला होता. लहानसा, नव्या खसचा, आणि त्याचं तोंड बरोबर टाकीवर.

गल्लीत ही बातमी मीठ-मसाला लावून फिरली. पानठेलेवाल्यानं घराच्या दाराशीच गाठलं. "काय चाचा, शेवटी लावला घरात कूलर?"

चाचा चिडले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माणसासाठी नाई लावला. जनावरासाठी हाय. जनावर गेलं की त्याच दिवशी कूलर विकून टाकीन."

हे चाचींनीही ऐकलं, मीही ऐकलं. म्हणजे हिशोब सरळ होता. लाटसाब जगले तर चाचींचा उन्हाळा निघणार होता. लाटसाब गेले तर पुन्हा ती न्हाणी, ते पत्र्याचं स्वयंपाकघर, तो बी.पी. आणि डॉक्टरांचं ते बोलणं.

पहिल्या दिवशी चाची खोलीच्या उंबऱ्याशी बसल्या. म्हणाल्या, मांजर येते, कोणी लक्ष द्यायला नको? दुसऱ्या दिवशी भाजी निवडायला आत आल्या. मग शिलाई मशीन आलं, लाटसाबांना एकटं वाटतं म्हणून. मग खाट आली, कारण बसून बसून कंबर धरते. पंधरवड्यात त्या खोलीत संसार झाला. दुपारी मीही पेपर तपासायला तिथेच जाऊन बसायची. खसचा वास, पंपाचा टपटप आवाज, मशीनची घरघर आणि टाकीत फुटक्या माठाच्या अर्ध्या तुकड्याखाली हसऱ्या तोंडानं बसलेले लाटसाब. खरं सांगते, पुढे मी पुष्कळ घरांत राहिले, पण तशा सुखाच्या दुपारी मला कुठे मिळाल्या नाहीत. चाचींच्या मानेवरच्या घामोळ्या बसल्या. त्या गुणगुणायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "मॅडम, या जनावराले अल्ला माझी उमर देवो." मग जरा विचार करून म्हणाल्या, "निदान जूनपर्यंत."

कधी कधी त्या चाचांना सांगायच्या, "लाटसाबले हवा कमी पडून राह्यली. कूलर थोडा तिरपा करा." चाचा गंभीर चेहऱ्यानं पाना घेऊन यायचे आणि कूलर खाटेच्या बाजूला वळवून द्यायचे. टाकी होती दुसऱ्या बाजूला. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला दिशाही कळत नाहीत.

मेच्या मध्यावर चाचा गडचांदूरला गेले. तिथल्या एका वसाहतीत बरेच कूलर बसवायचे होते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली विजेची डीपी जळली. वीज गेली ती गेलीच. आम्ही दोघींनी काही करायचं ठेवलं नाही. पंचे ओले केले, हातानं वारा घातला, गोठवलेल्या बाटल्या एकामागून एक सोडल्या, त्या संपल्या. मी बर्फाच्या दुकानात गेले तर लग्नसराई, सगळा बर्फ मांडवांत गेलेला. हातापाया पडून भुशात गुंडाळलेला एक तुकडा आणला, तो गल्लीच्या तोंडाशीच अर्धा झाला. शेवटी चाचींनी माठातलं पाणीही टाकीत ओतलं. लाटसाब वर आले, हवा घेतली, खाली गेले. पुन्हा वर आले. ऊन कलताना असरची अजान होत होती तेव्हा ते पोट वर करून तरंगले.

चाची पुष्कळ वेळ टाकीची काच धरून बसल्या. मग म्हणाल्या, "आता कूलर गेला." आणि रडल्या. जनावरासाठी की कूलरसाठी, मी विचारलं नाही. दोन्हीसाठी रडल्या असतील, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. मीही रडले. नवतपा अजून यायचाच होता. नवतपा म्हणजे मेच्या अखेरीचे ते दिवस, ज्यांत आमच्याकडे सूर्य शेगडी घेऊन अंगणात उतरतो.

डोळे पुसून त्या उठल्या तेव्हा त्यांचा बेत पक्का झाला होता. जुन्या हिरव्या दुपट्ट्याचा तुकडा फाडला, त्यात लाटसाबांना गुंडाळलं. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली खड्डा केला. "मॅडम, मी झूठ बोलणार नाई. फक्त बोलणार नाई. तुम्हीबी नका बोलू."

मातीवर त्यांनी लोटाभर पाणी शिंपलं. कबरीवर शिंपतात तसं.

चाचा आले तोवर वीज आली होती, कूलर सुरू होता आणि टाकीवर ओला पंचा होता. चाची म्हणाल्या, "आज भल्ला त्रास झाला त्याले. पंचा काढू नका." हे अक्षर न् अक्षर खरं होतं. गांडुळांचं झाकण घेऊन चाचा आले तेव्हा त्या म्हणाल्या, "द्या इकडं. तुमच्या हाताले तेलाचा वास येते." चाचांनी झाकण दिलं. रात्री चाची ती गांडुळं मोरीशी नेऊन सोडायच्या आणि दुसऱ्या संध्याकाळी चाचा बहुधा तीच पुन्हा खणून आणायचे. असं रोज चालू झालं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, आरमोरीहून आईचे निरोपावर निरोप येत होते, पण हे असं अर्धवट सोडून मला जाववेना.

चाची नेमानं रोज सकाळी पेरूखाली लोटाभर पाणी शिंपायच्या. मला कौतुक वाटायचं. एक गोष्ट आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. न्हाणीतलं पाणी आता कूलरला जायचं, आणि उन्हानं न्हाणीच्या मोरीशीची माती दगडासारखी होत चालली होती. अख्ख्या अंगणात ओली जागा आता एकच उरली होती, आणि गांडुळांना ओल लागते.

नवतप्याच्या पहिल्या संध्याकाळी मी वरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली चाचा खुरपं घेऊन आले. मोरीशी दोन वार घातले, काही मिळालं नाही. इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ पेरूखाली जाऊन बसले. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार? त्यांनी खुरपं घातलं. दोनदा, तीनदा. मग खुरपं थांबलं. हिरव्या कापडाचं टोक वर आलं होतं.

चाचा तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांनी कापड उघडलं नाही. डोक्यावरची टोपी काढून टकलावरचा घाम पुसला, टोपी परत घातली. मग दोन्ही हातांनी माती सारखी केली, तळव्यानं थापली. कुत्र्यानं उकरू नये म्हणून दुकानातून पत्र्याचा एक तुकडा आणून वर ठेवला, पुन्हा थांबले, तो पत्रा उचलला आणि त्या जागी वीट ठेवली. न्हाणीतून लोटा भरून आणला आणि हळूहळू शिंपला. मग झाडाच्या दुसऱ्या बाजूला बसून त्यांनी दोन गांडुळं काढली आणि झाकणात घेतली.

उठताना त्यांची नजर वर गेली. मी कपडे छातीशी धरून उभी. ते म्हणाले, "मॅडम, कूलरच्या पंपाचा आवाज येऊन राह्यला का तुम्हाले? उद्या नवीन टाकतो. हा जूनपर्यंत नाई टिकणार." मी नुसती मान हलवली. तेव्हा कुठे मला उमगलं की या माणसाला दिशा चांगल्या कळतात.

ते आत गेले. मधली खोली माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली, खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

"घे. भूक कशी हाय लाटसाबांची?"

"बरी हाय," चाची म्हणाल्या. झाकण टेकल्याचा आवाज झाला. थोड्या वेळानं चाचांनी विचारलं, "हवा लागून राह्यली ना बरोबर?"

"कोणाले?"



"तुले," चाचा म्हणाले.

चाचींचं मशीन थांबलं. मग अगदी रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "लागून राह्यली. दार लोटून घ्या ना आतून, हवा बाहेर चालली."

खाली दार लोटल्याचा आवाज झाला. त्या संध्याकाळी चाचा बराच वेळ बाहेर आले नाहीत.